पाचवी शेपटी

मोजणीबाईंना मोजायचा नाद आहे असं सगळ्यांना वाटायचं. नाद वगैरे काही नव्हता. राग होता, आणि तो एकतीस वर्षांचा होता.

मेडिकल कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर परजीवीशास्त्राचा विभाग होता. परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारे. पण इथे त्यातले फक्त अंगात शिरून राहणारेच शिकवले जात, बाकीचे बाहेर मोकळे फिरत. बाई तिथे सव्वीस वर्षं टेक्निशियन. स्लाइड रंगवायच्या, मायक्रोस्कोप पुसायचे, परीक्षेची टेबलं मांडायची. आणि दरवर्षी नवी बॅच आली की प्राध्यापक वर्गात यायच्या आधी अर्धा तास स्वतः शिकवायचं. हा अर्धा तास वेळापत्रकात कुठेच नव्हता, पण पुढे डॉक्टर झालेल्या पोरांना प्राध्यापकांपेक्षा तोच जास्त आठवायचा.

विषय एकच, शेपटीवाले एकपेशी परजीवी. पुस्तकात त्या शेपटीला कशाभिका म्हणतात. बाई शेपटीच म्हणत.

"जुन्या लोकांनी काय केलं," बाई सांगायच्या, "शेपटी दिसली की टाक एका डब्यात. पुढे लोक यांच्या आत डोकावायला लागले, तेव्हा कळलं की यातल्या निम्म्यांचं एकमेकांशी काही घेणंदेणं नाही. शेपटी आहे म्हणून कोणी कोणाचा भाऊ होत नाही. डबा आपल्या सोयीचा आहे, त्यांच्या नात्याचा नाही. एवढं लक्षात ठेवा आणि मग खुशाल डबा वापरा."

मग पहिला प्रश्न. राहतो कुठे? रक्तात आणि अवयवांत राहणारे एकीकडे, आतड्यात नाहीतर जननमार्गात राहणारे दुसरीकडे. रक्तातला ट्रिपॅनोसोमा लांबट, वळलेला, एका शेपटीचा, आणि ती शेपटी अंगाच्या कडेने पातळ पडदीची झालर उचलत जाते. त्याचा भाऊबंद लीशमॅनिया माणसाच्या पेशीत दडून बसतो तेव्हा शेपटी आत ओढून गोल होतो. माशीच्या पोटात गेला की पुन्हा शेपटी काढतो. मग दोघं एका घरातले हे ओळखायचं कशावरून? केंद्रकाशिवाय अंगात आणखी एक गडद ठिपका असतो, त्यावरून. दोघांनाही माणसापर्यंत यायला किडा लागतो. आतड्यातल्यांना किडा लागत नाही, घाणेरडं पाणी नाहीतर न धुतलेला हात पुरतो.

"हा जिआर्डिया. दोन केंद्रकं, आठ शेपट्या, तुमच्याकडेच बघतोय असं वाटेल. याला ओळखलं नाहीत तर घरी जा. हा बाहेर पडताना अंगाभोवती कवच करतो म्हणून पाण्यात टिकतो. आता हे दोघं बघा." इथे बाईंचा आवाज खाली यायचा. "ट्रायकोमोनास मंडळी. यांना कवच नाही. मागून काटा निघावा तसा दांडा बाहेर आलेला, कडेला झालर, पुढे शेपट्यांचा झुपका. सख्खे चुलत. पहिला जननमार्गात राहतो, शरीरसंबंधातून पसरतो. त्याचं नाव व्हजायनालिस. पुढे शेपट्या चार, झालर अर्ध्यातच संपते. दुसरा आतड्यात राहतो आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याचं नाव पेंटाट्रायकोमोनास. पुढे शेपट्या पाच, झालर शेवटपर्यंत. लघवीच्या नमुन्यात सापडला म्हणून तो पहिलाच, असं नाही. जुलाबाचा एक थेंब मिसळला की दुसराही सापडतो. मोजल्याशिवाय तोंड उघडायचं नाही."

"बाई, एका शेपटीने काय एवढं बिघडतं?" दरवर्षी एक तरी शहाणा विचारायचा.

"काय बिघडतं ते मला ठाऊक आहे," बाई म्हणायच्या, आणि त्यापुढे कधीच सांगायच्या नाहीत.

ठाऊक होतं ते असं. बाईंना एक मोठी बहीण, ताई. ताई बाविसाव्या वर्षी लग्न होऊन सासरी गेली. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, खाली दुकान आणि वर घर. चौथ्या महिन्यात ताईला जुलाब लागले, लघवीला जळजळ सुरू झाली. सासू तिला तपासणीला घेऊन गेली. लॅबमध्ये लघवीचा नमुना मागितला. जुलाबाने हैराण झालेल्या ताईने तो कसा दिला असेल, हे बाटलीवर नंबर टाकणाऱ्याने विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. नमुना क्रमांक चारशे सतरा, ट्रायकोमोनास व्हजायनालिस आढळला.

सासूने डॉक्टरला विचारलं, हे कशाने होतं. डॉक्टरने सांगितलं. मग नवऱ्याची तपासणी झाली, त्याच्यात काही सापडलं नाही. पुरुषांत हा जीव असला तरी बहुतेकदा सापडत नाही, हे त्या घराला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्यांनी ते ऐकून घेतलं असतं की नाही, देव जाणे. सासऱ्यांनी समोरच्या खोलीत अकरा माणसांपुढे तो रिपोर्ट मोठ्याने वाचला. ताई दाराशी उभी होती. संध्याकाळपर्यंत ती माहेरी आली, अंगावरच्या कपड्यांनिशी.

त्यानंतर ताई कुठे गेली नाही. मागच्या खोलीत शिलाई मशिन टाकलं आणि शाळेचे गणवेश शिवत राहिली. लोक काय म्हणायचे ते म्हणाले आणि दमले. पण ताईने स्वतःलाच जी शिक्षा लावून घेतली तिला मुदत नव्हती. टॉवेल वेगळा, साबण वेगळा. दुसऱ्याच्या गादीवर बसायची नाही. बाईंना मुलगी झाली तेव्हा ताई पाळण्याशी तासन्‌तास उभी राहायची, हात मागे बांधून. पोर सहा वर्षांची होईपर्यंत तिने तिला मांडीवर घेतलं नाही. हा आजार टॉवेलाने होत नाही, मांडीवर घेतल्याने होत नाही, असं बाईंनी कानीकपाळी ओरडून सांगितलं. ताई म्हणायची, "असेल. पण उगाच कशाला."

ते हात मागे बांधलेले बाईंच्या डोळ्यांपुढून हलत नसत.

रिपोर्ट आला तेव्हा बाई एकोणीस वर्षांच्या होत्या. तो रिपोर्ट हातात धरूनच त्यांनी ठरवलं की या कागदावर जे लिहिलंय ते आपण डोळ्यांनी बघायला शिकायचं. शिकल्या, आणि तेव्हाच पाचव्या शेपटीचा संशय मनात शिरला. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. नमुना केव्हाच मोरीत गेला होता.

नऊ वर्षांपूर्वी त्या लॅबचे प्रमुख निवृत्त झाले. ताईच्या रिपोर्टवर सही त्यांचीच होती. विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्या त्यांना नुसतं 'सर' म्हणत आल्या होत्या. मोठं नाव, मोठा दरारा. जाताना त्यांनी आपल्या स्लाइडचा संग्रह कॉलेजला भेट दिला. लाकडी पेट्या आल्या, खाचांत स्लाइड उभ्या लावलेल्या, प्रत्येकीवर सरांच्या सुबक अक्षरातली चिठ्ठी. नोंद करायचं काम अर्थातच बाईंकडे. चौथ्या पेटीतली एक स्लाइड उचलली आणि त्या खुर्चीत बसल्या. ट्रायकोमोनास व्हजायनालिस. लघवी. स्त्री, वय २२. क्र. ४१७.

सरांना ती स्लाइड चांगली उतरलीय असं वाटलं असणार, म्हणून शिकवायला ठेवून घेतली. ताईचं आयुष्य उसवलं आणि नमुना मात्र जपून ठेवला.

बाईंनी तेलाचा थेंब टाकला आणि सगळ्यात मोठ्या भिंगाखाली बघितलं. स्लाइडवर एकवीस जीव होते. अकरांच्या शेपट्या मोजता येण्याजोग्या होत्या. अकराही जणांना पुढे पाच, चार एका झुपक्यात आणि पाचवी बाजूला एकटी. झालर शेवटपर्यंत. बाईंनी त्या दिवशी मोजलं, दुसऱ्या दिवशी मोजलं, सुटीनंतर ताज्या डोळ्यांनी मोजलं. पाच.

आता तुम्ही म्हणाल, त्याच दिवशी धावत जाऊन ताईला का नाही सांगितलं? कारण बाईंना ताईची समजूत घालायची नव्हती. समजूत त्यांनी वीस वर्षं घातली होती, काही उपयोग झाला नव्हता. ज्या हाताने तो रिपोर्ट लिहिला त्याच हाताने तो खोडलेला त्यांना हवा होता. विभागप्रमुखांकडे गेल्या असत्या तर त्यांनी चहा पाजून प्रकरण मिटवलं असतं. सर तर निवृत्त होऊन मुलाकडे परगावी निघून गेले होते. बाई थांबल्या. दरवर्षी परीक्षकांची यादी लागली की आधी सरांचं नाव शोधायच्या. आठ वर्षं ते नव्हतं. नवव्या वर्षी होतं.

परीक्षेची पद्धत अशी. हॉलमध्ये वीस टेबलं, प्रत्येकावर एक मायक्रोस्कोप, त्याखाली एक स्लाइड. तिच्यावरच्या चिठ्ठीवर कोरी पट्टी चिकटवलेली. घंटा वाजली की बघायचं, ओळखून लिहायचं, एका मिनिटाने पुन्हा घंटा वाजली की पुढच्या टेबलावर. मुलं आत यायच्या आधी बाहेरून आलेल्या परीक्षकाने सगळ्या टेबलांवरून फिरून उत्तरांची यादी स्वतःच्या हाताने करायची आणि खाली सही करायची. तिला चावी म्हणत. परीक्षा संपली की चावी बाहेरच्या फळ्यावर लावायची, म्हणजे कोणी कुरकुर करायला नको. टेबलं मांडायचं काम बाईंचं होतं. घंटाही बाईंचीच.

नऊ नंबरच्या टेबलावर त्यांनी चारशे सतरा लावली.

डाव साधा होता. सर त्या वेळी चुकले होते, आताही चुकतील. चौऱ्याहत्तर वर्षांचे डोळे, वर चिठ्ठी नाही. व्हजायनालिस लिहून सही करतील. बाईंनी पढवलेली पोरं मात्र मोजून पाच लिहितील. मग चावी चूक की पोरं चूक, याचा निकाल सगळ्या विभागासमोर लागेल. सरांचं नाक भर हॉलमध्ये कापायचं, मग रिपोर्ट काढायचा. एप्रनच्या खिशात तो होताच, ताईच्या मशिनच्या खणातून न विचारता आणलेला.

सर आले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात काठी, पण ऐट तीच. "काय बाई, अजून तुम्हीच? कॉलेज तुमच्याच जिवावर चाललंय म्हणायचं."

"चला सर," बाई म्हणाल्या, "मुलं बाहेर उभी आहेत."

आठ टेबलं सरांनी झपाझप उरकली. नवव्यावर वाकले आणि वाकलेलेच राहिले. त्यांनी प्रकाश कमी केला. बारीक स्क्रू पुढे-मागे फिरवला. डावा हात टेबलावर होता, त्याचं एक बोट हळूच टेबलावर आपटायला लागलं. बाईंची नजर त्या बोटावर खिळली. एक. दोन. तीन. चार. बोट थांबलं. सरांनी स्क्रू आणखी केसभर फिरवला.

पाच.

नऊ वर्षांचा डाव एका बोटाने उधळून टाकला. म्हाताऱ्याला मोजता येत होतं.

"वा," सर मान वर करून म्हणाले. "सुरेख स्लाइड. पाचवी कशी बाजूला निघालीय बघा. आणि झालर थेट टोकापर्यंत. पेंटाट्रायकोमोनास. पण तुमची पोरं व्हजायनालिस लिहून मोकळी होतील. मोजायचा आळस, दुसरं काय."

बाईंना हे कळायला एक क्षण लागला, पण कळलं. म्हाताऱ्याला मोजता येत होतं. म्हणजे तेव्हाही येत होतं. फक्त मोजलं नव्हतं. चुकला असता तर बिचारा म्हणून सुटला असता.

"जो व्हजायनालिस लिहील त्याला किती द्यायचे सर?"

"शून्य. अर्धासुद्धा नाही. असला माणूस पुढे रिपोर्टवर सह्या करणार."

"तसं लिहून द्या ना सर. नंतर मुलं हुज्जत घालतात."

सरांनी लिहिलं. नऊ, पेंटाट्रायकोमोनास होमिनिस, व्हजायनालिस लिहिणाऱ्यास शून्य. बाईंनी त्यांना उरलेल्या अकरा टेबलांवरून फिरवलं. विसावं झालं. सरांनी खाली तारीख घातली, झोकदार सही केली. तो कागद बाईंनी घडी घालून खिशात ठेवला आणि मग म्हणाल्या, "सर, जरा नऊवर परत या."

त्यांनी स्लाइड काढली आणि नखाने कोरी पट्टी सोलली.

सर चष्मा कपाळावर चढवून वाचत राहिले. चिठ्ठी तीन ओळींची, पण त्यांना वाचायला फार वेळ लागला.

"अक्षर माझं आहे," ते म्हणाले.

"हो सर. शून्यही तुमचंच आहे."

बाईंनी रिपोर्ट काढून टेबलावर उलगडला. घडीच्या रेघांवर कागद विरला होता, पण क्रमांक, नाव आणि सही शाबूत होती.

"तेव्हा दिवसाला ऐंशी नमुने यायचे," सर म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "बाईच्या लघवीत ट्रायकोमोनास म्हणजे व्हजायनालिस, असं सगळेच धरून चालायचे. स्लाइड मी नंतर रंगवली. चिठ्ठी आधीच्या रिपोर्टवरून लिहिली."

"म्हणजे रंगवल्यावर परत बघितलीच नाही."

"दिसायला चांगली होती," सर म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच कळलं असावं. "कोण होती ही?"

"होती नाही, आहे. माझी ताई. या कागदावरून तिला घराबाहेर काढली, चौथ्या महिन्यात. तो जीव खरोखर तिच्यात असता तरी काढायचं काही कारण नव्हतं, तो तिच्या नवऱ्याकडूनही आलेला असू शकला असता. पण तो नव्हताच."

दार ढकलून विभागप्रमुखांनी डोकं आत घातलं. "बाई, घंटा? मुलं ताटकळलीत."

"सरांचं एक टेबल राहिलंय," बाई म्हणाल्या. दार बंद झालं.

"इतकी वर्षं झाली," सर हळू म्हणाले, "आता काय करता येईल?"

"लॅबचा नियम आहे. चुकीचा रिपोर्ट गेला असेल तर त्याच क्रमांकावर सुधारित रिपोर्ट द्यायचा. तुम्ही आज संध्याकाळी तो लिहायचा आणि माझ्याबरोबर येऊन तिच्या हातात द्यायचा. नाही जमलं, तर ही पट्टी मी परत लावत नाही. साठ मुलं स्लाइडवरची चिठ्ठी वाचतील आणि बाहेर गेल्यावर तुमची चावी वाचतील. हस्ताक्षर ओळखायला काही परीक्षा द्यावी लागत नाही."

सर काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी मान हलवली. बाईंनी नवी पट्टी कापली, नीट चिकटवली, स्लाइड जागेवर लावली आणि घंटा वाजवली.

साठांपैकी एकेचाळीस जणांनी पाच मोजल्या. एकोणीस जणांना शून्य मिळालं, आणि त्यांच्यासाठी बाईंना काडीचंही वाईट वाटलं नाही.

संध्याकाळी पाच वाजता दोघं ताईकडे पोचली. ताई मशिनवर होती, निळ्या कापडाचा ढीग पायाशी. बाईंनी सांगितलं, हे कोण ते, आणि नऊ वर्षांपूर्वी स्लाइड कशी हाती आली तेही. ताई उठली नाही. सरांनी सुधारित रिपोर्टचा कागद पुढे केला, दोन प्रतींत. शेवटचं वाक्य बाईंनी सांगून लिहून घेतलं होतं, त्यावर सर पाच मिनिटं अडून बसले होते.

ताईने वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. बाई तिच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. ती रडेल, निदान डोळ्यांना पदर लावेल, म्हणून त्यांनी येतानाच रुमाल हाताशी ठेवला होता. ताईने मशिनचा दाब उचलला, अर्धी बाही बाहेर काढली आणि दोरा दाताने तोडला.

"पाच होत्या?" तिने विचारलं.

"हो," सर म्हणाले.

"मोजायला किती वेळ लागतो?"

सरांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी भिंतीकडे बघितलं.

"एक मिनिट," सर म्हणाले. "फार तर दोन."

"दोन मिनिटं," ताई म्हणाली. तिने कागदाची घडी घातली. "मला क्षमा करा, असं काही म्हणू नका. ते ऐकून मी काय करू? पहिला कागद माझ्या सासऱ्यांनी सगळ्यांसमोर वाचला होता, समोरच्या खोलीत, मोठ्याने. हाही तिथेच वाचायचा. सासरे नाहीत आता. तुम्ही वाचायचा."

"ताई, अगं," बाई म्हणाल्या. एवढं त्यांनीही योजलं नव्हतं.

"तू गप्प बस. नऊ वर्षं तुला माहीत होतं आणि मला बोलली नाहीस, त्याचं आपण नंतर बघू." ताईने चपला पायात सरकवल्या. "चला."

घड्याळांचं दुकान जिथे होतं तिथेच होतं. डोळ्याला भिंग लावून एक अठ्ठावन्न वर्षांचा टकलू माणूस घड्याळातलं चाक चिमट्याने उचलत होता. त्याने मान वर केली, भिंग काढलं, आणि चाक खाली पडलं. ताईने त्याच्याशी शब्द काढला नाही. ती सरळ जिना चढली. मागून सर काठी टेकत, मध्येच थांबत. सतरा पायऱ्या होत्या, बाईंनी मोजल्या. त्यांच्या मागे घड्याळवाला.

समोरच्या खोलीत सासू खुर्चीत होती, अठ्ठ्याऐंशी वर्षांची, अंगावर शाल. घड्याळवाल्याची दुसरी बायको हात पुसत बाहेर आली आणि दारातच थांबली. जिन्यावरचा आवाज ऐकून शेजारच्या दोघीतिघी डोकावल्या. ताईने कोणालाही जा म्हटलं नाही. दाराशी, पूर्वी उभी होती त्याच जागेवर, ती उभी राहिली आणि कागद सरांच्या हातात दिला.

"वाचा."

सरांनी वाचलं. "सुधारित अहवाल. नमुना क्रमांक चारशे सतरा. मूळ अहवालात ट्रायकोमोनास व्हजायनालिस असे लिहिले होते, ते चूक आहे. आढळलेला जीव पेंटाट्रायकोमोनास होमिनिस, पुढे पाच कशाभिका. हा आतड्यात राहणारा निरुपद्रवी जीव असून तो नमुन्यात शौचाचा अंश मिसळल्यामुळे दिसला. रुग्णास लैंगिक संसर्ग असल्याचा कोणताही पुरावा या नमुन्यात नव्हता. तपासताना मी कशाभिका मोजल्या नव्हत्या."

"काय म्हणतोय हा?" सासूने विचारलं.

"त्यांना ऐकू येत नाही वाटतं," ताई म्हणाली. "मोठ्याने वाचा."

सरांनी मोठ्याने वाचलं. सासूने कानामागे हात धरला आणि पुन्हा मुलाकडे बघितलं. तिसऱ्यांदा वाचताना सरांचा आवाज चिरकला आणि 'मी मोजल्या नव्हत्या' हे शब्द थेट जिन्याखाली ऐकू गेले. म्हातारीच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"तुम्ही सांगा," ताई घड्याळवाल्याला म्हणाली. एकतीस वर्षांत ती त्याच्याशी बोललेली ही पहिली गोष्ट. "तुमचा आवाज त्यांना कळतो."

त्याने बायकोकडे बघितलं, शेजारणींकडे बघितलं. पळायला जागा नव्हती, जिन्याच्या तोंडाशी मोजणीबाई उभ्या होत्या. तो वाकला आणि आईच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, "आई, तिला काही नव्हतं. रिपोर्ट चुकला होता."

"कोणाला?"

"तिला. माझ्या पहिल्या बायकोला."

म्हातारी विचारात पडली. मग तिने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मग ती का गेली?"

घड्याळवाल्याने मान खाली घातली. ताई वाट बघत होती. तिला घाई नव्हती.

"ती गेली नाही, आई," तो म्हणाला. "आपण तिला घालवली."

"काय?"

"आपण घालवली."

"मोठ्याने बोल की रे."

तिसऱ्यांदा तो मोठ्याने बोलला. ताईने सरांच्या हातातून कागद घेतला, त्याची दुसरी प्रत म्हातारीच्या मांडीवर ठेवली आणि शालीखाली नीट खोचली.

"उद्या विसरतील त्या," ती घड्याळवाल्याला म्हणाली. "विसरल्या की पुन्हा सांगायचं, असंच कानात. मी विचारायला येईन."

पुढच्या रविवारी मोजणीबाई ताईकडे गेल्या तेव्हा मशिनवर कापड घातलेलं होतं आणि दाराला कडी होती. ताई विचारायला गेली होती.